वासोट्याहून परतीची बोट: हिवाळी शिबिरातलं एक प्रकरण

हे प्रकरण गटाची प्रमुख, दोन सहभागी आणि एक बोटवाले यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून मांडलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. वेळा आणि घटनांचा क्रम मात्र त्यांनी सांगितला तसाच ठेवला आहे, कारण सगळा गुंता वेळांचाच होता.

पार्श्वभूमी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पुण्याहून आलेला अठरा जणांचा गट. सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीजवळ शिवसागर जलाशयाच्या काठावर दोन रात्री तंबूत मुक्काम, शनिवारी वासोटा किल्ला, रविवारी सकाळी बोटीतून त्रिवेणी संगम आणि परतताना कास, असा बेत होता. गटात कॉलेजची मुलं, तीन कुटुंबं, नुकतेच निवृत्त झालेले एक काका आणि वडिलांबरोबर आलेला चौदा वर्षांचा एक किडकिडीत मुलगा होता. प्रमुख म्हणजे तिशीतली एक मुलगी. सगळे तिला ताई म्हणत. वासोटा तिने आधी केलेला होता.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहते आणि कोयनानगरजवळच्या धरणामुळे मागे सुमारे पन्नास किलोमीटर पाणी तुंबतं. हा फुगवटा म्हणजे शिवसागर. तापोळा-बामणोलीच्या परिसरात सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला मिळतात, तोच त्रिवेणी संगम. खोऱ्यातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली आणि जी काठावर उरली त्यांची एसटी म्हणजे बोट. बाजार, दवाखाना, लग्नाची वऱ्हाडं, सगळं बोटीने. त्यामुळे इथले बोटवाले पर्यटकांसाठी तयार झालेले नाहीत, त्यांचं पाणी त्यांना तोंडपाठ आहे. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

वासोटा जलाशयाच्या पश्चिमेला, कोयना अभयारण्याच्या आत आहे. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं, पुढे ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झालं. बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यायची, बोटीने सुमारे दीड तास जाऊन गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीला उतरायचं, नाक्यावर सामान तपासून घ्यायचं (प्लास्टिक मोजून नोंदवतात, परत येताना तितकंच दाखवावं लागतं) आणि गर्द रानातून दोन-अडीच तास चढायचं. आत मुक्काम करता येत नाही. संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं म्हणजे पडायचं. गव्याचं आणि अस्वलाचं रान आहे, नियम उगाच केलेला नाही.

आखणी

कागदावरची आखणी चांगली होती, हे आधीच सांगतो. दोन बोटी ठरवलेल्या होत्या. साडेसातला निघायचं, नऊला मेट इंदवली, साडेनऊला चढाई, बाराच्या आसपास माथा. जेवण, जुन्या गडासमोरचा बाबुकडा, पेशवाईत हा गड लढवणाऱ्या ताई तेलिणीची गोष्ट, आणि दीडला उतरायला सुरुवात. साडेतीन-चारला बोट, उजेडात तंबूवर. हाताशी जवळजवळ दोन तास शिल्लक.

सामानाच्या यादीत स्वेटर, कानटोपी, टॉर्च, पाणी, सुका खाऊ होता. मात्र ‘थंडीचे कपडे’ असं लिहिलेलं वाचून बहुतेकांनी ते रात्रीसाठी धरले आणि शनिवारी सकाळी तंबूतच ठेवून दिले. दिवसा चढताना घाम येणार, स्वेटर कशाला? हा विचार चुकीचा नव्हता. चढताना घाम येतोच.

अडचण कशी उभी राहिली

सकाळी साडेसातला पाणी दिसतच नव्हतं. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री डोंगरउतारावरची थंड हवा खोऱ्यात उतरते, खाली जलाशयाचं पाणी त्या मानाने उबदार असतं आणि पहाटे सगळ्या फुगवट्यावर धुकं बसतं. पाच हातांवरची बोट दिसेना. एक-दोघं म्हणाले, हळूहळू जाऊ. बोटवाले मामा म्हणाले, “ताई, ऊन टेकाडावर आल्याबिगर ह्ये फाटत न्हाई. तवर म्या बोट काढत न्हाई.” पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे काठाजवळ कुठे कुठे आहेत हे त्यांना माहीत, पण दिसलं तर चुकवता येणार. ताईने हुज्जत घातली नाही. धुकं विरळ व्हायला साडेनऊ वाजून गेले.

बोटी निघाल्या नऊ चाळीसला. मेट इंदवली अकरा पाच. नाक्यावरचं सगळं उरकून पहिलं पाऊल रानात पडलं तेव्हा साडेअकरा झाले होते. दोन तासांची शिल्लक चढाई सुरू होण्याआधीच संपलेली.

पहिला निर्णय: चढायचं का?

नाक्याजवळ ताईसमोर तीन वाटा होत्या.

एक, वासोटा रविवारवर ढकलायचा आणि आज संगमाची सफर करायची. वेळेच्या दृष्टीने हे सर्वांत सोपं. पण परवानगी शनिवारची होती, गाड्या रविवारी दुपारी सुटणार होत्या आणि रविवारी सकाळी पुन्हा धुकं नसेलच असं कोण सांगणार?

दोन, अर्ध्या वाटेपर्यंत जायचं. ओढ्याजवळचं मारुती-गणपतीचं ठिकाण, तिथून थोडं रान आणि परत. कुटुंबांना हे चाललं असतं. कॉलेजची पोरं कुरकुरली असती.

तीन, माथ्याकडे जायचं, पण परतीची वेळ ठरवून.

तिने तिसरी वाट निवडली आणि हिशेब उलटा मांडला. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बोटीला दीड तास, म्हणजे सव्वाचारला काठ सोडायला हवा. उतरायला दीड तास आणि अर्धा तास हातचा. म्हणजे दोन-सव्वादोनला माथा सोडायचा. तिने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, “दोन वाजता जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं. माथा दिसत असला तरी.”

माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. पाण्यापलीकडचा गड असला की दिवसाचं वेळापत्रक बोट ठरवते. वाटेवर कुणाचा वेग किती, हा प्रश्न नंतरचा. पुष्कळ गट इथे पुढून मोजतात: इतक्या वाजता निघालो, म्हणजे इतक्या वाजता पोचू. तिने मागून मोजलं, आणि गटासमोर मोजलं.

दुसरा निर्णय: दोन वाजले

दोन वाजता गट तीन ठिकाणी विखुरलेला होता. सात-आठ जण माथ्यावर मारुतीच्या देवळापाशी पोचून वीस मिनिटं झाली होती. मधले चार-पाच शेवटच्या खड्या टप्प्यावर. आणि काका, त्यांच्याबरोबर ताई आणि कॉलेजचे दोघं, माथ्यापासून वीस-पंचवीस मिनिटं खाली. काकांचा उजवा गुडघा दुखायला लागला होता. ते काही बोलले नव्हते, पण प्रत्येक उंच पायरीला हात मांडीवर टेकत होते.

काका म्हणाले, “इतकं आलो, आता वीस मिनिटांसाठी काय?” बरोबरच्या दोघांनीही त्यांचीच बाजू घेतली. ताईने वीस मिनिटं दिली.

वीस मिनिटांची तीस झाली. माथ्यावर फोटो, दोन घास, आणि सगळे एकत्र निघाले तेव्हा पावणेतीन वाजून गेले होते. म्हणजे ठरवलेली वेळ पाऊण तासाने ओलांडली. तरीही सरळ उतरले असते तर पाचच्या आत बोटीत बसता आलं असतं. पण दुखरा गुडघा चढताना जितका त्रास देतो त्याच्या दुप्पट उतरताना देतो. कारवीच्या झुडपांमधून, मुळ्यांवरून, पाचोळ्यावरून काका तिरके पाय टाकत उतरत राहिले. काठावर पोचायला त्यांना सव्वापाच झाले.

काठावरचा एक तास

खरं प्रकरण इथे घडलं, आणि तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पुढचा गट सव्वाचारच्या आसपास खाली पोचला. त्यात तो चौदा वर्षांचा मुलगा होता. सबंध चढ-उतार पळत केलेला, सुती टी-शर्ट पाठीला चिकटलेला. वासोट्याची रांग पश्चिमेला असल्याने मेट इंदवलीचा काठ डोंगराच्या सावलीत लवकर जातो. पलीकडच्या तीरावर पिवळंधमक ऊन आणि इकडे सावली, ओलसर गारवा. मुलं पाण्यात पाय सोडून बसली. त्यातल्या एकाने मुलावर पाणी उडवलं, त्याने परत उडवलं. मग सगळे वाट बघत बसले.

दोन बोटी होत्या. पहिली बोट भरून निघू शकत होती. पण निघायचं की थांबायचं हे सांगणारी ताई काकांबरोबर मागे होती, रानात फोनला रेंज नव्हती आणि पुढच्या गटात निर्णय घ्यायचा अधिकार कुणालाच दिलेला नव्हता. एका बोटवाल्यांनी दोनदा विचारलं. मुलांनी सांगितलं, ताई येऊ देत.

त्या तासभरात मुलाचा घाम गार पडला आणि ओले कपडे अंगावरच राहिले. चढताना गरम ठेवणारी हालचाल थांबलेली, पोटात सकाळचे पोहे आणि माथ्यावरची दोन बिस्किटं. आणि पुढे दीड तास उघड्या बोटीतला वारा.

तिसरा निर्णय: पाण्याच्या मधोमध

पाच वीसला दोन्ही बोटी सुटल्या. सगळ्यांचं लक्ष काकांच्या गुडघ्याकडे होतं. त्यांना आडवा पाय ठेवायला जागा दिली, गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलं, कुणी वेदनाशामक गोळी काढली. मुलगा हट्टाने बोटीच्या टोकाला बसला होता, जिथे वारा आणि पाण्याचे तुषार सर्वांत जास्त. लाइफ जॅकेट अंगावर होतं, पण बंद न लावलेलं. वडील म्हणाले, “दमलाय, बसू दे.”

पाऊण तासाने उजेड जायला लागला तेव्हा मागून मामांनी हाक मारली, “ताई, त्ये पोरगं बोलंना का? मघाधरनं हुडहुडतंय.”

ताई पुढे गेली. मुलगा दात वाजेस्तोवर कापत होता. नाव विचारलं तर सांगितलं, पण शब्द जड. पाण्याची बाटली हातात दिली तर झाकण उघडता येईना, बोटं वळत नव्हती. ही शरीराचं तापमान उतरायला लागल्याची ठळक लक्षणं. ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. ओलं अंग, वारा, रिकामं पोट आणि बारीक चण एवढं पुरतं. कापणं हे अजून तरी चांगलं लक्षण होतं. ऊब न मिळता कापणं थांबलं, माणूस बरळायला किंवा पेंगायला लागला, तर प्रकरण हाताबाहेर चाललं.

आता दोन पर्याय. वडिलांचं म्हणणं, इंजिन फुल सोडा, लवकरात लवकर काठ गाठू. अंधार पडत होता, पाऊण तास बाकी होता, त्यामुळे हे म्हणणं अगदी स्वाभाविक. पण वेग वाढवला की वारा वाढणार, तुषार वाढणार, आणि मुलगा ओल्या कपड्यांतच राहणार. दुसरा पर्याय, भर पाण्यात इंजिन बंद करून कपडे बदलायचे. म्हणजे अंधार आणखी जवळ आणायचा.

ताईने मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, “पाणी शांत हाय. पाच मिंटं थांबतो. अंधाराचं माज्यावर सोडा.” इंजिन बंद केलं.

टी-शर्ट काढला. काकांच्या पिशवीत लोकरीचा स्वेटर होता (अख्ख्या बोटीत दिवसा स्वेटर बरोबर बाळगणारे तेच एक). तो घातला, कुणाची तरी कोरडी ओढणी डोक्याला आणि कानांना गुंडाळली, वर लाइफ जॅकेट सगळे पट्टे लावून. मुलाला टोकावरून उठवून बोटीच्या मध्यभागी खाली तळाशी, दोन मोठ्या माणसांच्या मधे चिकटून बसवलं. मामांनी त्यांची घोंगडी आणि बोटीवर टाकायची ताडपत्री दिली. ती वाऱ्याच्या बाजूने धरली. कुणीतरी हातपाय जोरात चोळायला लागलं, ताईने थांबवलं. तोंडात गुळाचा खडा ठेवायला दिला, कारण तो शुद्धीवर होता आणि गिळत होता. हे सगळं व्हायला सात-आठ मिनिटं लागली. मग बोट मध्यम वेगाने निघाली. बामणोलीचे दिवे दिसले तेव्हा पुरता अंधार पडला होता आणि मुलगा ‘किती वेळ राहिलाय’ असं विचारत होता.

चौथा निर्णय: रात्र कुठे काढायची

काठावर शेकोटी पेटलेली होती. मुलाला थेट जाळासमोर बसवायची घाई झाली, ती आवरली. सुन्न पडलेल्या कातडीला चटका कळत नाही. मग छावणीतल्या एका उत्साही माणसाने धगधगती कोळशाची शेगडी तंबूत ठेवायची तयारी केली. आधी शेगडी ठेवू, मग चेन लावून घेऊ, पोरगं झोपेल उबेत.

या एका गोष्टीवर ताई कडाडली. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद तंबूत झोपलेल्या माणसाला गुदमरल्याचंही कळत नाही, तो झोपेतच जातो. थंडी माणसाला तासांत आजारी पाडते, शेगडी त्याहून कमी वेळात मारू शकते. एका ग्लासात थोडी रम द्यायचाही विषय निघाला. चौदा वर्षांच्या मुलाला! दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. तोही बाद.

मग दोन गोष्टी उरल्या. साताऱ्याला दवाखान्यात नेणं, म्हणजे कासच्या वाटेने अंधारात घाटरस्ता, सव्वा तासाच्या आसपास. किंवा मामांचं घर, चालत पाच मिनिटं. तंबू दवाने आतापासूनच ओलसर झाला होता, त्याचा विचारच नको होता. तिने दोन्ही जुळवलं. मुलगा मामांच्या घरी चुलीजवळच्या खोलीत, कोरड्या कपड्यांत, गोधड्यांत, गोड गरम चहा आणि मग पिठलं-भाकरी. गाडी दारात, चालक जागा, आणि वडिलांशी ठरलेलं: साडेआठपर्यंत नीट बोलायला लागला नाही, किंवा पेंगुळला, तर एक मिनिट न दवडता सातारा.

आठ वाजता त्याने दुसरी भाकरी मागितली.

परिणाम

मुलाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुण्यात डॉक्टरांना दाखवलं, तेव्हाही सगळं ठीक. काकांचा गुडघा मात्र पुढे तीन-चार आठवडे सुजलेला होता. रविवारची संगमाची फेरी धुकं विरल्यावर अकरानंतर झाली, निम्मा गट गेला. मुलगा गेला नाही. तो मामांच्या नातवाबरोबर काठावर गळ टाकून बसला होता.

वेगळं काय करता आलं असतं

यावर गटातच एकमत नाही, आणि ते मला रास्त वाटतं.

बहुतेकांचं बोट दोन वाजताच्या निर्णयाकडे जातं. ताईने वीस मिनिटं दिली नसती तर हे झालंच नसतं. हे खरं आहे, पण अर्धंच. काका वेळेत उतरले असते तरी मुलगा ओल्या टी-शर्टात बोटीच्या टोकाला बसलाच असता. उशिराने वाट बघणं लांबलं, सावली लांबली आणि वारा गार झाला. थंडीची तयारी मात्र सकाळी आठ वाजताच तंबूत राहिली होती.

म्हणून माझं लक्ष जास्त करून काठावरच्या त्या तासाकडे जातं. तिथे तीन गोष्टी सहज करता आल्या असत्या. पहिली, पुढच्या गटात एकाला अधिकार देऊन ठेवणं: साडेचारपर्यंत मागचे आले नाहीत तर पहिली बोट सोडायची. दोन बोटी घेण्याचा उपयोगच तो. पैसे दोन बोटींचे दिले आणि वापरल्या एकीसारख्या. दुसरी, काठावर पोचताच ओला कपडा बदलायचा, ही शिस्त. त्यासाठी प्रत्येकाच्या पाठपिशवीत एक कोरडा टी-शर्ट आणि एक लोकरी कपडा, ‘रात्रीसाठी’ असं न लिहिता ‘परतीच्या बोटीसाठी’ असं लिहून. तिसरी, बोटीत बसण्याआधी डोकी मोजतो तसं प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारणं आणि उत्तर कसं येतं ते ऐकणं. दुखणारा गुडघा स्वतःकडे लक्ष वेधून घेतो. गारठलेलं पोर गप्प बसतं, आणि गप्प पोर सगळ्यांना सोयीचं असतं.

मामांचं मत वेगळंच आहे. त्यांच्या मते धुकं फाटायला इतका उशीर झाला त्या दिवशी वासोटा करायलाच नको होता, संगमाला जाऊन यायचं. ताईला ते पटत नाही. उलट मोजणी बरोबर होती, ती पाळली गेली नाही, असं तिचं म्हणणं. मी तिच्या बाजूने झुकतो, पण मामांनी आयुष्य त्या पाण्यावर काढलंय, हेही विसरता येत नाही.

काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “दोन वाजता ती ‘नाही’ म्हणाली असती तर मी तोंड फुगवून उतरलो असतो. पण उतरलो असतो.”

पुढच्या हिवाळ्यातल्या त्याच शिबिरासाठी मामांनी बोट द्यायला होकार दिला तो दोन अटींवर. धुक्यामुळे नऊच्या आत बोट सुटली नाही तर गड रद्द. आणि पहिली बोट चारला सुटणार, कुणी मागे असो वा नसो.